डोंगरावरची सुट्टी कुणाची?

(अकोले तालुक्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल रात्री विषय निघाला की येत्या डिसेंबरात आपण सगळ्यांनी भंडारदऱ्याला जायचं, दोन रात्री तंबूत राहायचं आणि कळसूबाई चढायची. लगेच दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, पोटगीच्या केसेस पडून आहेत, रेशनचा प्रश्न तसाच आहे, आणि संघटनेनं सहली काढायच्या? त्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी जायच्या बाजूची आहे. पण माझ्या काही अटी आहेत.

अटींचं म्हणाल तर त्या डोंगराचीच गोष्ट ऐका. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, एका कामवाल्या पोरीच्या नावानं ओळखलं जातं. इकडे सांगतात ती कथा अशी : कळसू ही कोळ्याची मुलगी. इंदोरे गावी पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं सांगितलं, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, बाकी पडेल ते काम करीन. एक दिवस तिला नेमकं तेच काम करायला लावलं. कळसू घर सोडून डोंगरावर गेली, ती परत आलीच नाही. आपण तिची देवी केली, नवरात्रात जत्रा भरवतो. देवी केली की एक सोय होते, तिच्या अटीबद्दल कुणी विचारत नाही.

आता आपल्या सहली आठवा. कुटुंबाची सहल म्हणजे काय असतं? आदल्या रात्री दशम्या, चटणी, मुलांचे कपडे. तिथं पोचल्यावर पुरुष पाण्यात उतरतात, पत्ते काढतात. बाई सतरंजी झटकते, वाढते, उष्टी ताटं गोळा करते. घरची चूल उचलून झाडाखाली नेली, एवढाच फरक. २०१९ मध्ये सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया तेव्हा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष घरकाम करत होते ते ९७ मिनिटं. करणाऱ्या पुरुषांचा हा हिशेब आहे. बहुतेक पुरुष त्यात हातच घालत नाहीत.

मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. शहरात बाईला काही काम असेल तरच बाहेर दिसायची मुभा असते, उगाच रेंगाळायची नसते, हा त्यांचा मुद्दा. रानात तर हे जास्तच खरं आहे. बाई रानात जाते ती सरपणाला, शेळ्यांमागे, हिरडा वेचायला. कड्यावर नुसती बसलेली बाई दिसली की विचारतात, काय गं, काही झालं का? काही झालेलं नसताना बसता येणं ही चैन नाही. केसेस लढणाऱ्या बायांना तर त्याची जास्तच गरज आहे.

पण मुक्कामाला गेलं की पहिला प्रश्न शौचालयाचा येतो. त्यावर कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून मी बोलते. चढावर आडोसा मिळणार नाही या भीतीनं बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग उन्हात चक्कर येते, घरी गेल्यावर लघवीची जळजळ सुरू होते, आणि घरचे म्हणतात, बघा, बायांना झेपत नाही. झेपत सगळं असतं, सोय नसते. तंबूवाल्याशी बोलताना आधी विचारायचं : शौचालय किती, कडी आहे का, पाणी आहे का, रात्री दिवा आहे का. पाळी असेल तर पॅड झुडपात टाकायचे नाहीत. कागदात गुंडाळून पिशवीतून परत आणायचे.

आता दुसऱ्या बाईचं बोलू, म्हणजे जिच्या गावात आपण जाणार तिचं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. आत महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. मे-जूनमध्ये पहिल्या पावसाच्या तोंडावर सादडा, हिरडा, बेहड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकतात आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. नेमके हेच पाणीटंचाईचे दिवस. घाटघरकडे धो धो पाऊस पडतो, प्रवरेवर १९२६ पासून धरण उभं आहे, तरी वरच्या वाड्यांतल्या बायांना उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब चालावंच लागतं. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी त्याच हंड्यातून येतं.

बाहेरून येणाऱ्या पैशानं वाड्यांत घरं सुधारली, मुलं शिकली, हे मी नाकारत नाही. पण एका वाडीत मी हिशेब मांडायला बसले तेव्हा दिसलं ते असं : फोन नवऱ्याचा, पाटी मुलाच्या नावाची, पैसे त्यांच्या खात्यात. पहाटेपासून पिठलं-भाकरी थापणारी बाई हिशेबात कुठेच नाही. विचारलं तर ती म्हणाली, “ताई, घरचंच काम हाय ना.” ताटाचा दर ठरतो, तंबूचा ठरतो. तिच्या हाताचा दर ठरत नाही.

लाकडाचंही तसंच. मोळी आणणाऱ्या बाईला वाटेत हटकलं जातं. तेच लाकूड शेकोटीसाठी तंबूपुढे रचलं की तो पर्यटकांचा कार्यक्रम होतो. अभयारण्यात परवान्याशिवाय काही तोडून नेऊ नये आणि रानाला धोका होईल असा विस्तव करू नये, हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सगळ्यांसाठी आहे. आपण शेकोटी करायची नाही. घोंगड्या न्यायच्या.

आणि २००६ चा वनहक्क कायदा विसरू नका. तो अभयारण्यातही लागू आहे. विवाहितांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा, हे त्यात लिहिलेलं आहे. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया हव्यात. २०१२ च्या सुधारणेनंतर वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात. सामूहिक हक्क मिळाला असेल तिथं रानात कुणी कसं यायचं, हे ग्रामसभा ठरवू शकते. म्हणजे तंबू किती, गाड्या कुठवर, पाणी किती, हे बाया त्या सभेत बोलू शकतात. सहीपुरत्या बसल्या तर मात्र तंबूवालेच ठरवतील.

तर माझ्या अटी. जेवणाचे पैसे करणाऱ्या बाईच्या हातात किंवा तिच्याच खात्यात द्यायचे. तिथला बचत गट जेवण करत असेल तर आधी तिकडेच विचारायचं. दर पाडून मागायचा नाही. मजुरी वाढवून मागणाऱ्या आपणच भाकरीला घासाघीस करतो, हे मी पाहिलंय. आपली ताटं आपण घासायची. आणि रात्री त्या बायांना आपल्यात बसायला बोलवायचं, वाढायला नव्हे.

नावं चहाच्या सुट्टीत द्या. दोन दिवस घरी स्वयंपाक कोण करणार, म्हातारं माणूस कोण बघणार, हे आजच घरी बोलून ठेवा. डिसेंबरला अवकाश आहे, शिकायला वेळ आहे त्यांना. महागडे बूट नकोत, पण तळ झिजलेली चप्पल घालून येऊ नका. बारीकडून चढताना लोखंडी शिड्या लागतात.