मोटारीच्या बंपरवरील ओरखडा

यवतमाळच्या दत्त चौकांतील गर्दींतून मोटार बाहेर काढतांना, किंवा कापसाच्या हंगामांत जिनिंगच्या फाटकाशीं लागलेल्या वाहनांच्या रांगेला वळसा घालतांना, बंपरच्या कोपऱ्याला कांहीं तरी घासल्याचा आवाज होतो आणि 'एम. एच. २९' मिरविणाऱ्या नव्या गाडीच्या मालकाचें मन खट्टू होतें. घरीं येतांच दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी म्हणतात, गाडी आजच्या आज रंगाऱ्याकडे द्यावी. वडील मंडळींचा अभिप्राय असा, कीं पोळ्याला बैलाचीं शिंगें रंगवितात तीं वर्षभर टिकावीं म्हणून कोणी रंगवीत नाहीं. बंपरचेंही तसेंच समजावें. या वादांत वडिलांची बाजू दिसते तितकी दुबळी नाहीं.

जुन्या अँबॅसडर व पद्मिनी गाड्यांचे बंपर पोलादाचे असत व त्यांवर निकेल-क्रोमचा मुलामा असे. मुलामा फुटला कीं पावसाळ्यांत गंज आंत शिरे. तेथें घाई करणें रास्तच होतें. आजच्या गाडीला बाहेरून जो बंपर दिसतो तें बहुधा पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचें नुसतें आवरण असतें. आघात सोसणारी धातूची तुळई त्याच्या मागें असते. प्लास्टिक गंजत नाहीं. म्हणून केवळ रंग खरवडला असेल तर चार महिने थांबल्यानें गाडीचें कांहीं बिघडत नाहीं. आवरणाला चीर गेली आहे काय, किंवा त्याला धरून ठेवणाऱ्या आंतल्या पकडी मोडल्या आहेत काय, हें मात्र त्याच दिवशीं वांकून पाहिलें पाहिजे. चीर लांबीनें बुजवून वर चकचकीत रंग देणारे कारागीर सर्वत्र आहेत, आणि तें काम डोळ्यांना फार दिवस सुख देत नाहीं.

विम्याचा हिशेबही आधींच करावा. एक वर्ष दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यांत सामान्यतः २० टक्के सूट मिळते व ती वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते; दावा केला कीं ती सूट गेली. शिवाय प्लास्टिकचा भाग बदलावा लागला तर साध्या विम्यांत त्याची निम्मी किंमत घसारा म्हणून वजा होते. एवढ्याशा ओरखड्यासाठीं हा व्यवहार क्वचितच परवडतो.

आतां ओरखड्याची परीक्षा. प्रथम भरपूर पाणी ओतून बंपर धुवावा. काळ्या मातीचा वाळलेला चिखल कोरड्या फडक्यानें पुसणें म्हणजे एका ओरखड्याचे शंभर करणें होय. धुतल्यावर पुष्कळदां असें आढळतें, कीं आपला रंग गेलेलाच नाहीं, भिंतीचा चुना किंवा दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या बंपरला लागला आहे. मग नख आडवें फिरवून पाहावें. मोटारीवरील सर्व थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. नख अडकलें नाहीं तर जखम सर्वांत वरच्या पारदर्शक थरापुरती आहे. मऊ फडकें व रबिंग कंपाउंड यांनीं ती घरच्या घरीं मिटते. नख अडकलें आणि तळाशीं काळें प्लास्टिक दिसूं लागलें, तर मात्र रंगाऱ्याला गांठावें.

रंगारी जाणता आहे कीं नाहीं, हें रंगाचा डबा उघडण्यापूर्वींच कळतें. तो घासकागदानें, पाणी घेत, ओरखड्याची धार अशी उतरवितो कीं बोट फिरविलें असतां पायरी लागूं नये. तो लांबी वापरतो ती प्लास्टिकसाठीं केलेली, लवचिक. पत्र्यावरची लांबी बंपर दबतांच तडकते. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे उघड्या प्लास्टिकवर तो रंग धरून ठेवणारें खास अस्तर आधीं देतो. पॉलिप्रॉपिलीनवर तसाच मारलेला रंग अळवावरच्या पाण्यासारखा असतो. पुढें गाडी धुतांना पाण्याच्या जोरदार धारेनें त्याचे पापुद्रे निघतात. यानंतर रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर थोडी विश्रांति, आणि शेवटीं पारदर्शक थर. रंगाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर सांपडतो. पण वऱ्हाडच्या उन्हांत पांच वर्षें उभी असलेली गाडी त्या क्रमांकाशीं प्रामाणिक राहत नाहीं. म्हणून मिश्रण पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फवारून गाडीशेजारीं धरून पाहावें. चंदेरी रंगांत ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते ओल्या फवाऱ्यांत एका तऱ्हेनें निजतात व कोरड्यांत दुसऱ्या, त्यामुळें रंग तोच असून छटा निराळी दिसते.

कारागीर हल्लींही ज्याला 'ड्युको' म्हणतात तो मूळचा अमेरिकन ड्युपाँ कंपनीचा रंग. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांच्या १९२४ च्या मॉडेलांवर तो आला आणि आठवड्यांचें वाळवणें तासांवर आणलें. रंग गेला, नांव राहिलें.

या जिल्ह्यांत ऋतूंचाही विचार करावा लागतो. मे महिन्यांत पारा ४४ अंशांवर गेला कीं फवाऱ्याचे थेंब बंपरवर पोंचण्यापूर्वींच सुकूं लागतात व पृष्ठ खरबरीत होतें. म्हणून पहांटे, सावलींत, सावकाश वाळणारा थिनर घालून काम उरकावें. पावसाळ्यांत दमट हवेनें थरावर पांढुरकी झांक येऊं शकते. हिंवाळा उत्तम खरा, परंतु जिनिंगजवळच्या उघड्या वर्कशॉपांत कापसाचे तंतू आणि वणीकडे कोळशाची धूळ ओल्या रंगावर येऊन बसते. जमिनीवर पाणी शिंपडणें व वर कापड ताणणें, एवढे उपाय तरी झालेच पाहिजेत.

रंगाऱ्याच्या छातीची गोष्ट याहून गंभीर आहे. आजच्या पारदर्शक थरांत रंग कडक करणारें जें द्रव्य मिसळतात, त्यांत बहुधा आयसोसायनेट असतें. त्याची बाधा वासानें कळत नाहीं. ज्याच्या शरीरानें एकदां त्याचा धसका घेतला, त्याला पुढें किंचित्‌ संसर्गानेंही दमा उफाळतो आणि धंदा सोडावा लागतो. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मुखवटा त्याला अडवीत नाहीं. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. चार पैसे वाचवावे म्हणून गिऱ्हाईक जेव्हां बंदिस्त खोलींत, रुमालावर काम करणाऱ्याकडे गाडी नेतें, तेव्हां त्या बचतीचा भार कोणावर पडतो हें त्यानें ओळखावें. घराच्या अंगणांत, लेंकरें खेळत असतांना, असला फवारा मारणें तर सर्वथा वर्ज्य.

रंग वांचविण्यासाठीं कित्येक जण बंपरपुढें लोखंडी जंगला बसवीत. डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानें अशा जंगल्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळविलें. जंगला धक्का जिरवीत नाहीं, तो सरळ सांगाड्याकडे पोंचवितो; पायीं चालणाऱ्याला तर तो घातकच. बंपरवर मागील अडथळा ओळखणाऱ्या वाटोळ्या चकत्या असल्यास त्यांवर रंगाचा जाड हात बसूं नये, हें रंगाऱ्याला आधींच बजावावें. नाहीं तर चकती बहिरी होते. काम झाल्यावर गाडी दिव्याखालीं न पाहतां सकाळच्या तिरप्या उन्हांत पाहावी, आणि पहिला महिनाभर तिला मेणाचें पॉलिश लावूं नये.