पाणवनस्पती आणि कारखान्यांचे सांडपाणी

पुण्याच्या मुळा-मुठेत किंवा कोल्हापूरच्या पंचगंगेत उन्हाळ्याच्या सुमारास पसरणारी जी जलपर्णी आपण केवळ उपद्रव म्हणून ओळखतो, तीच १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, ‘नासा’ या अंतराळसंस्थेच्या आवारात, बिल वुल्व्हर्टन या शास्त्रज्ञाने मैलापाणी व रासायनिक सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामी बुद्ध्या लावली होती. त्याही आधी, १९५०च्या दशकात, जर्मनीतील केटे सायडेल या विदुषीने लव्हाळ्याच्या वर्गातील वनस्पती फिनॉलसारख्या विषाने दूषित झालेल्या पाण्यात तग धरते, इतकेच नव्हे, तर त्या विषाचा अंशही घटविते, असे दाखवून दिले होते.

जलपर्णीचे एखादे रोप उपटून पाहावे. देठ फुगीर, दाबला असता स्पंजासारखा; खाली पिसांसारखी काळसर मुळे, आणि त्यांवर बुळबुळीत थर. खरे काम त्या थरात चालते. देठातील पोकळ्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो आणि त्याच्या आधारे तेथील सूक्ष्म जंतू सेंद्रिय घाणीचे विघटन करतात. क्रोमियम, कॅडमियम, शिसे हे धातू मात्र कोणत्याही जंतूला पचवून संपविता येत नाहीत. ते मुळांना चिकटतात, पेशींत साठतात, म्हणजे नष्ट न होता केवळ मुक्काम बदलतात. रोप वेळेवर काढले नाही, तर कुजून तेच विष पुन्हा पाण्यात उतरते. शिवाय पृष्ठभाग दाट झाकला गेला की खालचा प्राणवायू घटून मासे गुदमरतात. नदीतल्या बेवारस जलपर्णीला शुद्धीकरणाचे साधन म्हणणे मला म्हणूनच मान्य नाही.

तीव्र आम्ल वा तेलकट तवंग असलेले पाणी तर या वनस्पतींवर एकदम सोडताच येत नाही. आम्लाचे उदासिनीकरण व तेलाची काढणी कारखानदाराने आधी केलीच पाहिजे, आणि पुढे पाणी काही दिवस मुळांच्या सहवासात थांबावे एवढी जागाही राखली पाहिजे. तेव्हा कोणी पाणवनस्पतींच्या तळ्याची तजवीज मांडली, तर परवाना देणाऱ्या अंमलदाराने कापणी कोण करणार, किती दिवसांनी करणार, आणि कापलेला माल कोठे नेणार, हे लेखी घ्यावे. कारण धातू शोषलेली ती हिरवी रास गुरांच्या गव्हाणीत वा शेताच्या खतात जाता कामा नये, तिचा बंदोबस्त घातक कचऱ्याच्या नियमांनीच व्हावयास हवा.