आधी बघा, मग मोजा, मगच हात लावा

(भोंगवली येथे वसतिगृहांचे व्यवस्थापक आणि वाडीवस्तीवरील तरुण कार्यकर्ते यांच्या वर्गात केलेले भाषण)



मी वायरमन नाही. धर्मशास्त्राची पदविका घेऊन समाजकार्यात आलो. पण डोंगरात काम करायचे तर जनरेटर समजून घ्यावाच लागतो, हे मला ३ जून २०२० च्या रात्री कळले. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि घाट चढून आपल्याकडेही पोहोचले. वेल्हे, मुळशी, मावळात झाडे पडली, विजेचे खांब आडवे झाले. लॉकडाऊनमुळे वसतिगृहातली मुले घरी होती, पण पत्रे उडालेली वाडीतली कुटुंबे आमच्या हॉलमध्ये आली होती. त्यांत दहा दिवसांची एक बाळंतीण होती. दिवा नाही, टाकीत पाणी नाही.

आमच्याकडे लष्कराच्या डिस्पोजलमधला जनरेटर होता. बटण दाबले की फक्त ‘टक’ आवाज यायचा. मी ठरवून टाकले, बॅटरी गेली. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली, तरी सेल्फ फिरेना. नंतर दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या. तेव्हाही ‘टक’!

शेवटी लष्कराच्या ईएमई दलातून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांनी आधी मशीनवरची पाटी वाचली. सेल्फ २४ व्होल्टचा होता आणि मी १२ व्होल्टची एकच बॅटरी लावली होती. मग त्यांनी बॅटरीपासून इंजिनच्या अंगाला जाणारी अर्थची जाड पट्टी सोडवली. तिच्याखाली हिरव्या रंगाचा थर आणि गंज होता. पॉलिश पेपरने घासले, नट आवळला, मशीन सुरू. दहा मिनिटांचे काम! आमचे मात्र बॅटऱ्यांचे पैसे गेले होते आणि ती बाळंतीण अंधारात राहिली होती.

काका म्हणाले, “आधी बघा, मग मोजा, मगच हात लावा.” आज तेवढेच सांगायला आलो आहे.

बघा. संरक्षण खात्याचा जुना माल बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावातून बाहेर येतो. तो ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर विकला जातो, त्याला हमी नसते. म्हणून पाटी वाचल्याशिवाय मशीन घेऊ नका. आपल्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ हवे. लष्कराचे काही सेट फक्त बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी २८ व्होल्ट डीसी देतात, काही ४०० हर्ट्झचे असतात. ते आपल्या दिव्यांना आणि पंपाला चालत नाहीत.

मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. सेल्फ फिरत नसेल तर आधी बॅटरी पाहा. १२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, दोन ओळीने जोडल्या की २५ च्या वर. बॅटरी ठीक असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडावर धरा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. त्या वेळी मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष अर्थच्या जोडात आहे. हे करताना पदर, ओढणी, बाही पंख्यापासून लांब ठेवा. इंजिन अचानक सुरू होते.

इंजिन चालते पण वीज येत नाही, तेव्हा आधी ब्रेकर पडला आहे का ते पाहा. मग इंजिन बंद करून, बॅटरी सोडवून कार्बन ब्रश तपासा. ते झिजतात, अडकतात. वर्षानुवर्षे गोदामात पडलेल्या मशीनमधले उरलेले चुंबकत्वही नाहीसे होते आणि मग व्होल्टेज उभेच राहत नाही. बॅटरीचा प्रवाह क्षणभर देऊन ते परत आणता येते, पण हे काम जाणकाराचे आहे. तारा उलट्या लागल्या किंवा एव्हीआर जोडलेला राहिला, तर तो जळू शकतो.

दिवे मंद-तेज होत असतील तर एव्हीआरच्या स्क्रूला हात लावू नका. आधी इंजिनचा वेग पाहा. चार पोलच्या आल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १५०० आरपीएम लागतात. डिझेलचा फिल्टर तुंबला तरी वेग घसरतो.

पावसाळ्यानंतर गुंडाळीत ओल धरते. वायरमनकडून मेगर लावून घ्या. त्याआधी एव्हीआर सोडवायला सांगा. एक मेगओहमच्या खाली आले तर आधी वाळवायचे, मग चालवायचे.

ऑईलचा दाब कमी झाला की इंजिन बंद करणारा स्विच असतो. ‘सारखे बंद पडते’ म्हणून त्याची वायर जोडून टाकू नका. तो तक्रार करत नाही, इशारा देतो.

आता माझी मोठी चूक सांगतो. मशीन सुरू झाल्यावर मी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर केली आणि जनरेटरची वीज सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये सोडली. मेन स्विच बंद करायचा राहिला. आमची वीज मीटरमधून उलटी बाहेर, खांबावर गेली. गावचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, तसाच तो उलट दिशेने चढवूही शकतो. लोड जास्त झाल्याने आमचा ब्रेकर पडला, म्हणून थोडक्यात निभावले. सकाळी पाहिले तर थोड्या अंतरावर महावितरणचा लाईनमन खांबावर चढत होता. आपल्यासाठीच तो चढला होता.

त्या दिवसापासून आमच्याकडे चेंजओव्हर स्विच आहे. एका वेळी एकच बाजू, लाईन किंवा जनरेटर. तो वायरमननेच बसवायचा. त्याशिवाय जनरेटर इमारतीला जोडायचा नाही, मग मुले अंधारात बसली तरी चालतील. मशीन नेहमी बाहेर, उघड्यावर चालवा. धुराने झोपेतच जीव जातो.

घरी गेल्यावर एक वही करा. मशीन कधी चालवले, किती व्होल्ट दिसले, काय आवळले, ते लिहा. दर महिन्याला थोडा लोड देऊन अर्धा तास चालवा. वादळाच्या रात्री शिकायला वेळ नसतो.