पन्ह्याचा गोळा आणि बंट्याचा सोडा

(सुवर्णमहोत्सवी महिला मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एका पेयाची कृती सांगावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु या पेयामागे आपल्या मंडळातील एक जुना वाद दडलेला आहे, आणि तो ज्यांनी ऐकला त्यांपैकी काहीजणी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. तेव्हा आम्ही जपूनच बोलू.

वाद होता चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यावर बसावयाची, आणि आलेल्या सुवासिनीस आंब्याची डाळ व पन्हे द्यावयाचे, ओटीत भिजवलेले हरभरे घालावयाचे, हे आपण कोकणातून, देशावरून, विदर्भातून येताना बरोबर आणले. चंडीगडात ते नेमाने चालले. मात्र पुढे पुढे एक गोष्ट आमच्या ध्यानात येऊ लागली. डाळ संपे, हरभरे संपत, आणि पन्ह्याचे पातेले अर्धेअधिक तसेच राही. मुले पेल्याला ओठ लावीत आणि खाली ठेवीत. येथेच जन्मलेली, येथल्या शाळेत शिकलेली ती मुले. त्यांना बाटलीतले फसफसणारे पेय हवे असे. अखेर एका बैठकीत कोणीतरी सरळ सूचना मांडली, की पन्ह्याचा खटाटोप पुरे, बाटल्यांची खोकी मागवावीत. सूचना व्यवहाराची होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही त्या दिवशी घरी परतताना आमच्यापैकी कोणीही फारसे बोलले नाही.

मतास टाकण्यापूर्वी एक वर्षाची मुदत आम्ही मागून घेतली.

मुलांना फसफस हवी ना? मग ती द्यावी, पण तीत तरंगणारा पदार्थ आपला असावा, असा विचार होता. आईस्क्रीम-सोडा आपल्याला ठाऊक आहे, पुण्याची मस्तानीही ठाऊक आहे. पण त्या दोहोंत दूध. कैरीच्या आंबटाशी दुधाचे जुळत नाही. तेव्हा दुधावाचूनचे, नुसत्या फळाच्या रसाचे गोठवण करणे भाग होते. परदेशी उपाहारगृहांत त्याला सॉर्बे म्हणतात. नाव ऐकून बिचकू नये; मूळ शब्द आपल्या सरबताचाच भाऊबंद. अरबीतून तो फारसीवाटे आपल्याकडे सरबत होऊन आला आणि तुर्कीवाटे इटली-फ्रान्सकडे जाऊन बर्फात बसला.

पहिल्या खेपेस आम्ही नेहमीचे पन्हेच डब्यात भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. सकाळी जे निघाले ते वरवंट्याने फोडावे लागले. दुसऱ्या खेपेस राग येऊन साखर दुप्पट घातली, तर ते दोन दिवस गोठेचना. या दोन फजित्यांतच सगळे शास्त्र आहे. पाणी गोठताना साखरेला बाजूस सारते. उरलेला पाक दाट होत जातो, अखेरपर्यंत ओला राहतो आणि हिमकणांना एकमेकांस घट्ट चिकटू देत नाही. साखर थोडी, तर दगड. फार, तर पाणचट लगदा. एकूण वजनाच्या चौथा हिस्सा किंवा किंचित अधिक साखर असावी, हे आम्हाला तिसऱ्या खेपेस उमगले.

प्रमाण असे. उकडलेल्या कैऱ्यांचा अर्धा किलो गर, तीनशे ग्रॅम साखर, तितकेच पाणी. साखर पाण्यात विरघळवून, गार करून गरात कालवावी; वेलदोडा, केशर आणि चिमूटभर मीठ घालावे. गूळही चालतो, पण रंग काळवंडतो. चव पिण्याच्या पन्ह्यापेक्षा गोड लागली पाहिजे, कारण थंडीने जिभेला गोडी कमी कळते. पसरट स्टीलच्या डब्यात दोन बोटे जाडीचा थर द्यावा. कडा धरू लागल्या की काट्याने खरवडून ढवळावे, आणि दर अर्ध्या तासाने असे तीन-चार वेळा करावे. यात आळस नको. खरवडताना आत शिरलेल्या हवेनेच गोळा हलका होऊन तरंगतो. ज्यांच्या माळ्यावर आईस्क्रीमचे जुने लाकडी पॉट आहे त्यांनी ते खाली काढावे. तीन भाग बर्फाला एक भाग खडेमीठ. एवढ्यात वीसएक गोळे होतात.

कैऱ्यांची येथे वाण नाही. अक्षय्यतृतीयेनंतर एखादी आंधी येऊन गेली, की सकाळी या शहरातील आम्रवृक्षांखाली कैऱ्यांचा सडा पडलेला असतो. (सरकारी झाडांच्या फळांचा रीतसर लिलाव होतो, तेव्हा मुलांना झाडावर चढवू नये. आम्ही कैऱ्या सेक्टर सव्वीसच्या मंडईतून आणतो.)

सोड्याकरिता आम्ही बंट्याची बाटली निवडली. पंजाबीत बंटा म्हणजे गोटी. आपल्याकडचा गोटीसोडाच तो. १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूचा दाबच गोटीला तोंडाशी दाबून धरतो. सोडा अगदी थंडगार हवा, कारण गार पाण्यातच वायू टिकून राहतो. हे न कळल्यामुळे पहिल्या वर्षी कोमट बाटल्या उघडल्या आणि एका भगिनीची पैठणी भिजली. त्यांनी क्षमा केली आहे असे आम्ही समजतो.

पेला दोन-तृतीयांशच भरावा आणि गोळा शेवटी, अलगद सोडावा. त्याच्या खरखरीत अंगावर बुडबुडे धरतात आणि फेस भराभर वर येतो. येथल्या रीतीप्रमाणे काळे मीठ हवे असल्यास ते आधी चमचाभर लिंबाच्या रसात विरघळवावे. कोरडे टाकाल तर पुन्हा पैठणी.

काळ्या मिठाची ही सूचना आमच्या पंजाबी सूनबाईंची. तिच्या माहेरच्या पन्ह्यात पुदिना आणि भाजलेले जिरे असते. आम्ही जिऱ्याला नकार दिला, मिठाला दिला नाही.

त्या वर्षीच्या हळदीकुंकवात मुले दोनदा रांगेत उभी राहिली. बाटल्यांच्या खोक्यांची सूचना पुढे कोणी काढली नाही. केवळ एका वयोवृद्ध आजींना सोडा सोसत नव्हता. त्यांच्यासाठी एक गोळा वाटीत काढून ठेवला आणि तो वितळू दिला. त्यांनी सावकाश तो प्याला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पन्हे बरे आहे. वेलदोडा कमी पडला."

बाहेर गोळे तयार आहेत. या खेपेस वेलदोडा वाढवला आहे.