परक्याचे वकीलपत्र



 तासगावात भरलेल्या सांगली-सातारा जिल्ह्यांतील वकिलांच्या या परिषदेत अध्यक्षाने वाटपाचे दावे, विहिरीचे पाणी, द्राक्षाचे पैसे बुडवून पसार झालेला दलाल यांवर बोलावे अशी अपेक्षा असते. ते सारे उद्याच्या सत्रांत येणारच आहे. मी आज अशा पक्षकाराबद्दल बोलणार आहे, ज्याचे वकीलपत्र आपल्यापैकी बहुतेकांनी अजून घेतलेले नाही. सरकार ज्याला म्हणते, तू या देशाचा नाहीस, तुला बाहेर काढायचे आहे, तो हा पक्षकार.

हा विषय आता मुंबई-दिल्लीपुरता राहिलेला नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी व्यक्तींबाबतचा नवा कायदा लागू झाला आणि 1946 च्या विदेशी व्यक्ती अधिनियमासह चार जुने कायदे मोडीत निघाले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षे आणि तीन लाखांपर्यंत. बनावट पासपोर्टला किमान दोन वर्षे, कमाल सात. लॉज, दवाखाना, कॉलेज यांनाही परदेशी माणसाची खबर द्यावी लागते. आणि मी परदेशी नाही हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच डोक्यावर. हे 1946 च्या कायद्याच्या कलम 9 मध्ये होते, नव्यातही तसेच आहे.

आता आपल्या भागात बघा. द्राक्षाच्या हंगामात पॅकिंगला, बेदाण्याच्या शेडवर, वीटभट्टीवर, सेंट्रिंगच्या कामावर परराज्यांतली माणसे आहेत. त्यांत बंगाली बोलणारा माणूस दिसला की लगेच कुजबुज सुरू होते. बंगाली पश्चिम बंगालमध्येही बोलतात, त्रिपुरातही बोलतात आणि बांगलादेशातही. बोलीवरून देश ठरत नाही. आपल्या खानापूर, आटपाडी, तासगावची गलाई मंडळी सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. दूरच्या एखाद्या गावात त्यांची भाषा कुणाला कळत नाही म्हणून त्यांना कुणी परदेशी ठरवले, तर इथे आपल्या घरात काय आकांत होईल ते सांगायला नको.

असे घडत नाही असे म्हणू नका. 1998 च्या जुलैत मुंबईतल्या जरीकामगारांना बांगलादेशी म्हणून पोलीस रेल्वेने नेत होते, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया स्टेशनात लोकांनी गाडी अडवली. 2025 च्या जूनमध्ये मुंबई-ठाण्यातून ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यांच्या राज्याने कागद दाखवल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीतून उचललेल्या बिरभूम जिल्ह्यातल्या एका गर्भवती बाईचेही तेच झाले. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ती कारवाई रद्द ठरवली. बाई मुलाला घेऊन परतली ती डिसेंबरात. केंद्रीय गृहमंत्रालयाच्याच मे 2025 च्या सूचनेत मूळ राज्याकडून पडताळणी करायला तीस दिवस दिलेले होते. ती पडताळणी झाली असती तर त्या बाईचे हे हाल टळले असते.

माझी भूमिका स्पष्ट सांगतो. चोरून सीमा ओलांडणे हा गुन्हा आहे. देशात कोणी राहायचे हे ठरवण्याचा सरकारचा अधिकार निर्विवाद आहे. 1955 च्या हान्स म्युलर निकालापासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आले आहे. 1937 पासून भारतात राहिलेल्या लुई द रेड्ट या बेल्जियन मिशनऱ्यालाही 1991 मध्ये न्यायालयाने सांगितले की वास्तव्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 चा आहे आणि तो फक्त नागरिकांचा. पण त्याच निकालात दुसरी गोष्टही आहे: जीवित आणि स्वातंत्र्याचे कलम 21 परदेशी माणसालाही लागू आहे. 2021 च्या सलिमुल्ला प्रकरणात रोहिंग्यांना परत पाठवायला न्यायालयाने मनाई केली नाही, तरी विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवायचे नाही, असे बजावले. म्हणजे राहू द्या असे म्हणण्याचा हक्क त्याला नसेल, पण मला ऐकून घ्या, मी कोण हे नीट तपासा, असे म्हणण्याचा हक्क आहे. आपले सगळे काम या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा अरुंद असली तरी तिथे माणसाचे आयुष्य ठरते.

ते ठरते कुठे? बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत, आपल्यासारख्या तालुक्याच्या कोर्टात, दुपारच्या रिमांडला. एका कोर्टात मी पाहिलेले सांगतो. विशीतला पोरगा, अंगावर चुन्याचे डाग, हातात पिशवी. कागद हिंदीत वाचून दाखवला, त्याने मान डोलावली, अंगठा दिला. वकील आहे का, तर नाही. मुकादम बाहेर उभा होता, आत यायला घाबरत होता. मी सहज बंगाली जाणणाऱ्या एका मिठाईवाल्याला बोलावून घेतले. पोराच्या मोबाईलमध्ये मालदा जिल्ह्यातल्या शाळेच्या दाखल्याचा फोटो होता, बापाचे नाव, ग्रामपंचायतीच्या प्रधानाचा नंबर होता. एवढ्या वेळात त्याला कोणी ते विचारलेच नव्हते. संध्याकाळपर्यंत तिकडून फोनवर खातरजमा झाली. मी कोणताही मोठा युक्तिवाद केला नव्हता, फक्त त्याला समजेल अशा भाषेत विचारले होते.

आज हे विचारणे ही कुणाची मेहेरबानी उरलेली नाही. 6 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्रातल्याच मिहिर शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे की अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, आणि रिमांडपूर्वी किमान दोन तास तरी. मराठीतला टंकलिखित कागद बंगाली माणसाच्या हातात देणे म्हणजे कारणे देणे नव्हे. रिमांडच्या वेळी पहिला मुद्दा हाच घ्या. दुसरा, कलम 22 चे चोवीस तास. ते परदेशी माणसालाही आहेत, फक्त शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला नाहीत. तिसरा, तो खरोखर परदेशी असेल तर त्याच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराने त्याला दिला आहे.

मग संशयाचा पाया तपासा. 2024 च्या जुलैत आसामातल्या रहीम अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ओझे आरोपीवर असले तरी सरकारने आधी संशयाला आधार काय ते दाखवायचे. रस्त्यावरून कुणालाही उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येत नाही. नावाच्या स्पेलिंगमधला, तारखेतला किरकोळ फरक घातक धरता येत नाही. आपल्याकडे तरी सातबारा, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर एकाच माणसाचे नाव तंतोतंत कुठे सापडते?

कागदांबाबत मात्र पक्षकाराला खोटी आशा दाखवू नका. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केले आहे की नुसते आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे कलम 3 पाठ असू द्या. 26 जानेवारी 1950 रोजी किंवा नंतर आणि 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेला जन्माने नागरिक आहे. त्यानंतर 3 डिसेंबर 2004 पूर्वी जन्मलेल्याला आई किंवा बाप यांपैकी एक नागरिक असल्याचे दाखवावे लागते. त्या तारखेपासून पुढे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणून पोराच्या जन्मदाखल्याइतकाच आई-बापाचा जुना मतदार यादीतला उतारा, आजोबाचे खरेदीखत, शाळेचे रजिस्टर महत्त्वाचे. ते मिळवायला वेळ लागतो, आणि तो वेळ मागणे हेच वकिलाचे पहिले काम.

तो खरोखरच परदेशी निघाला तरी आपण उठून जायचे नाही. जामीन मागा, 2024 च्या फ्रँक व्हायटस निकालानंतर वकिलातीचे हमीपत्र आणा ही अट सरसकट घालता येत नाही. विवाह भारतीयाशी झाला असेल तर व्हिसाची मुदतवाढ वा दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो का ते पहा. जिल्ह्यात परदेशी नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षकच असतात, अर्ज त्यांच्याकडून मार्गी लागतो. कायदेशीरपणे आलेल्या माणसाला कारण न सांगता, म्हणणे न ऐकता काढता येत नाही, हे 2006 च्या हसन अली रैहानी प्रकरणात ठरले आहे. फसवून आणून धंद्याला लावलेली बाई सापडली तर ती आरोपी नव्हे, पीडित आहे. 2012 ची केंद्राची सूचना तिच्यावर विदेशी कायद्याखाली खटला चालवू नका असे सांगते. आपल्या भागातल्या छाप्यांनंतर ही सूचना किती वेळा दाखवली गेली, याचा विचार प्रत्येकाने करावा. आणि ज्याला परत पाठवले तर मारतील अशी भीती आहे, त्याच्यासाठी गुजरात उच्च न्यायालयाचा 1998 चा आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल आहे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी त्या न्यायालयांनी ते संरक्षण कलम 21 मध्येच शोधले.

ही माणुसकी आपल्या मातीला नवीन नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत रशियाने 1940-41 मध्ये त्यांना घरातून काढून सायबेरियाकडे पाठवले होते. इराणमार्गे ते इथे पोचले. त्यात बायका-मुलेच जास्त. युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली आणि बहुतेकांना परत जायचे नव्हते. त्यांना गाडीत कोंबून पाठवले गेले नाही. कोणी ब्रिटनला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला. त्यांच्या रिकाम्या बराकींत मग सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली, आणि आज ज्या गांधीनगरला आपण लग्नाच्या कापडखरेदीला जातो ते त्यातूनच उभे राहिले.

आणि आपली माणसेही कुठेतरी परकी असतात. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले, बेड्या घातलेले 104 भारतीय घेऊन. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. अमेरिकेत इमिग्रेशन न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. आपल्याकडे मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम 12 कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला, मानवी व्यापाराला बळी पडलेल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील देते. तिथे नागरिक हा शब्द नाही. या एका बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा उदार आहे, मग तो कपाटात का ठेवायचा?

एक अडचण उघडपणे बोलतो. असे वकीलपत्र घेतले की लोक नावे ठेवतात. कधी वकील संघच ठराव करतो की अमुक आरोपीचे काम कोणी घ्यायचे नाही. 2010 मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व ठराव बेकायदा आणि शून्यवत ठरवले आहेत. असा ठराव आपल्या कोणत्याही तालुक्यात पुन्हा येऊ नये.

पूर्वी रिट करायचे म्हणजे मुंबई गाठावी लागे, आणि तोवर माणूस सीमेवर पोचलेला असे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते आहे, सांगली-सातारा त्याच्या कक्षेत आहेत. राज्यघटनेच्या कलम 226 खालचा अर्ज आता सकाळी तासगावात लिहून दुपारी तिथे नेता येतो. अंतराची सबब आपल्याकडे उरलेली नाही.

सभागृहाच्या दाराशी तालुका विधी सेवा समितीसाठी एक वही ठेवली आहे. जे रिमांडला विनामूल्य उभे राहतील त्यांनी नाव आणि मोबाईल नंबर लिहावा. ज्यांना बंगाली, हिंदी, नेपाळी येते किंवा येणारा माणूस माहीत आहे, त्यांनी तेही लिहावे. जेवणाला जाण्यापूर्वी लिहा, ही विनंती.