लंगड्या घोड्याची रजा



या व्यासपीठावरून विद्वान बोलतात. आमच्यापाशी पदवी नाही. हमाल, टांगेवाले, घोडेवाले यांच्या संघटनेत आमची हयात गेली. तबेल्यात जे पाहिले, नालबंदांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून जे पडताळले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो. विषय आहे घोड्याच्या खुराचा जुनाट आजार.

घोड्याचे खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. बाहेरच्या कठीण कवचाच्या आत एक हाड असते. हाड आणि कवच यांना जोडणारे पातळ पदर असतात. मोठे पदर साधारण साडेपाचशे ते सहाशे, आणि प्रत्येकाला पुन्हा बारीक उपपदर. दोन वह्यांची पाने एकमेकींत सरकवावीत, तशी ही गुंफण असते. जनावराचा सारा भार या गुंफणीवर टांगलेला असतो. त्यातला निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून दुखणे बहुधा तेथेच दिसते.

हे पदर बिघडले की गुंफण सुटू लागते. कारणे अनेक. चंदीच्या पोत्यात तोंड घालून घोड्याने फार दाणा खाल्ला, तर होते. अंगाने फार भरलेल्या घोड्याच्या रक्तातील इन्सुलिन वाढूनही होते. घोडी व्याल्यावर वार अडकून राहिली, तर होते. कठीण रस्त्यावर सतत आदळून होते. एक पाय जायबंदी झाला, तर सारा भार वाहणाऱ्या दुसऱ्या पायालाही होते. कामगार चळवळीतल्या माणसाला हे शेवटचे कारण विशेष कळते!

प्रथम खूर गरम लागते, घोट्यामागची नाडी जोरात उडते, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो. या वेळी त्याला बळेच चालवणे घातक असते. काम ताबडतोब थांबवावे, मऊ अंथरूण द्यावे, डॉक्टर येईपर्यंत पाय बर्फाच्या पाण्यात ठेवावेत. ही वेळ चुकली, तर आतले हाड कवचापासून सुटते, खाली झुकते, तळवा सपाट होतो आणि खुरावर टाचेकडे रुंदावत जाणारी वळी दिसू लागतात. मग आजार जुनाट झाला असे समजावे.

जुनाट आजार पुरता जातोच असे नाही. पण सांभाळता येतो. चार ते सहा आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून खूर तासून घ्यावे. वाढलेला चवडा मागे आणावा आणि भार टाचेकडच्या मऊ भागावर वाटून द्यावा. नाल कोणता, की नालच नको, हे शक्य तर क्ष-किरण चित्र पाहून ठरवावे. अंगाने भरलेल्या घोड्याची चंदी बंद करावी, सुकी वैरण मापाने द्यावी; पण उपाशी कधी ठेवू नये. वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे. दुखणे दाबून घोडा कामाला जुंपणे म्हणजे तुटत्या दोराला आणखी ओझे बांधणे होय.

आता मुख्य मुद्दा. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढते. नवे खूर वरून जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे उपचार कळला तरी वेळ हवा. ज्याच्याकडे एकच घोडा, ज्याची चूल त्या घोड्याच्या पाठीवर, त्याने हा वेळ आणावा कोठून? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने आजारी, जखमी जनावराला कामास लावणे गुन्हा ठरवले. ते योग्यच झाले. पण दंडाची पावती फाडून घोड्याचे खूर वाढत नाही आणि मालकाच्या घरी पीठही येत नाही.

म्हणून आमच्या सभांत आम्ही एकच मागणी लावून धरतो: घोड्याला आजारपणाची रजा मिळाली पाहिजे. प्रत्येक फेरीमागे थोडे पैसे सामायिक निधीत पडावेत. ज्याचा घोडा डॉक्टरांनी बसवला, त्याच्या घरी त्यातून धान्य जावे. नालबंदाचा खर्चही निधीने उचलावा. गिरणीतल्या माणसाने आजारपणाची रजा मिळवली. मुक्या कामगाराने अर्ज कोणाकडे करावा?

कोणी म्हणेल, घोड्यांचे दिवस संपले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, हे खरे. माथेरानला डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक ई-रिक्षाही आल्या. तरी तेथल्या लाल वाटांवर घोडे आजही माणसे वाहतात. उद्या जे व्हायचे ते होवो, आज जो पाय दुखतो त्याची काळजी आजच घेतली पाहिजे.

आपल्याकडून एवढेच हवे. घोड्यावर बसण्यापूर्वी त्याला दहा पावले चालताना पाहा. दुखरा पुढचा पाय टेकताना तो मान वर उचलतो. दोन्ही पाय दुखत असतील, तर मान हलत नाही. पावले मात्र आखूड, जपून पडतात. असा घोडा नाकारा. पण मालकाला शिव्या देऊन निघून जाऊ नका. कारण सांगा, डॉक्टर कोठे भेटेल ते सांगा, आणि अशा निधीची पेटी तेथे असेल, तर तिच्यात काही टाका. माणूस आणि जनावर एकाच भाकरीला बांधलेले आहेत. एकाला सोडून दुसऱ्याचे भले करता येणार नाही.