शेगडी, रजई आणि चाकांवरचे घर
(सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या संक्रांत संमेलनातील भाषणाचा मजकूर)



संक्रांतीच्या संमेलनात वक्त्याने तिळगुळाइतकेच बोलावे, असा संकेत आहे. तरीही कार्यवाहांनी आम्हांस पंचवीस मिनिटे दिली आणि चिठ्ठीवर 'उत्तरेची थंडी व आपण' एवढे शब्द लिहून धाडले. आम्ही साधे बी. ए., तेही इतिहास घेऊन. उष्णताशास्त्राशी आमचा संबंध आला नाही. जे काही ठाऊक आहे ते या गावाच्या हिवाळ्याने शिकविले, आणि त्याचा पहिला धडा फार महाग पडता पडता राहिला.

आपल्यापैकी बहुतेक जण इकडे येतात ते एका स्वेटरच्या बळावर. मे-जूनच्या लूविषयी सर्वांनी भरपूर बजावलेले असते. जानेवारीविषयी कोणी बोलत नाही. वस्तुतः येथील घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली. थंड फरशी, सपाट छत, दाराखिडक्यांना बोटभर फटी. त्यामुळे दुपारी अंगणात ऊन खात बसलेला मनुष्य घरात शिरला की कुडकुडू लागतो. सफदरजंग वेधशाळेत ८ जानेवारी २००६ रोजी पारा ०.२ अंशांपर्यंत उतरला होता. आकड्यांवरून थंडीची कल्पना येत नाही, हे मात्र खरे. ती रात्री दोन वाजता पायांच्या बोटांना येते.

जानेवारी १९९८. जुन्या गुडगावात एका घराच्या गच्चीवरील बरसातीत, म्हणजे एका खोलीत, आम्ही राहत होतो. आम्ही, पत्नी, दोन वर्षांची कन्या आणि राजापुराकडून प्रथमच उत्तरेत आलेली आई. आईने जन्मात दातांवर दात आपटणारी थंडी पाहिली नव्हती. दोन रजया घालूनही तिचे पाय गरम होईनात. तेव्हा आम्ही बाजारातून लोखंडी शेगडी व पाच किलो लाकडी कोळसा आणला, गच्चीवर निखारे चांगले लाल होऊ दिले, धूर संपल्याची खात्री केली आणि शेगडी खोलीत आणून ठेवली. मग दाराखालच्या फटीत जुने धोतर कोंबले आणि खिडकीला वर्तमानपत्रे चिकटविली. त्या कामाचा आम्हांस अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो.

पहाटे घरमालकीणबाई गच्चीवर आल्या नसत्या तर हे भाषण दुसऱ्या कोणी केले असते. त्यांना सारा मोहल्ला 'ताई' म्हणे. हरियाणात ताई म्हणजे थोरली काकू. आमची पत्नी मात्र आपल्या मराठी अर्थाने त्यांना ताई म्हणे, आणि दोघींचेही त्यावाचून काही अडले नाही. कन्येचे रडणे व उलटीचा आवाज ऐकून त्यांनी दार ठोठावले. कडी काढायला उठलो तर आमचे पाय लटपटत होते, डोके फुटत होते. आई हाकेला ओ देत नव्हती. ताईंनी आत पाहिले मात्र, "अरी बहू, अंगीठी भीतर धर ली के?" असे ओरडून शेगडी लाथेनेच बाहेर लोटली आणि आईला खाटेसकट गच्चीवर ओढण्यास आम्हांस लावले. उघड्या थंडीत अर्ध्या तासाने आई बोलली. "मला गार वाटतंय," एवढेच म्हणाली. त्यानंतर ती चौदा वर्षे जगली. पण त्या पहाटेनंतर तिने शेगडीपाशी हात शेकले ते केवळ उघड्यावर.

आमची चूक कोणती? धूर गेला म्हणजे धोका गेला, असे आम्ही मानले. निखारा लाल असतानाच कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघत असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. माणूस गुदमरत नाही, त्याला झोप येते. डोकेदुखी, मळमळ, गुंगी. ही लक्षणे थंडीचीच समजून मनुष्य आणखी पांघरूण ओढतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ प्रवासी, त्यांत चार मुले, खोली बंद करून लावलेल्या गॅसच्या हीटरमुळे गेले. ती बातमी वाचताना आम्हांस आमची वर्तमानपत्रे चिकटविलेली खिडकी दिसत होती.

आता चाकांवरच्या घराविषयी. २०२३ च्या जानेवारीत आमचा भाचा पुण्याहून आपली गाडी घेऊन आला. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हापासून त्याने हा ध्यास घेतला होता. "मामा, मामी, लाहौलला चला," म्हणाला. रोहतांगखालचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून तिकडे हिवाळ्यातही जाता येते. सिस्सूला, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, रात्र काढावयाची ठरली. पत्र्याच्या डब्यात झोपावयाचे, बाहेर शून्याखाली किती कोण जाणे, आणि आत शेकण्याची सोय! आमची अवस्था आपण ओळखू शकाल. निघण्यापूर्वीच आम्ही त्याला ताईंची गोष्ट ऐकविली.

भाच्याने हसून आम्हांस गाडीखाली वाकून पाहावयास लावले. आसनाखाली डिझेलवर चालणारा लहान हीटर. त्याच्या दोन नळ्या गाडीच्या तळातून बाहेर. एकीने बाहेरची हवा ज्वलनासाठी आत येते, दुसरीने जळका वायू बाहेर जातो. "मामा, ज्योत आपल्या खोलीत नाहीच. खोलीतली हवा तापलेल्या धातूवरून फक्त फिरते." काश्मिरी बुखारीचे तत्त्वही हेच: लोखंडी भट्टी आणि छताबाहेर जाणारे धुराडे. आमच्या शेगडीला तेवढेच नव्हते.

उंचीवर हवा विरळ, म्हणून इंधन पुरते जळत नाही व काजळी धरते. त्याने हीटरची मांडणी त्याप्रमाणे बदलून घेतली होती. कडाक्यात साधे डिझेल गोठून घट्ट होते; लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल काढले ते याचसाठी. भिंतींना आतून लोकरीसारखा थर, काचांना चंदेरी पडदे. इतके असूनही छतावरील झरोका दोन बोटे उघडा, आणि उशाशी वायूची सूचना देणारे यंत्र. झरोक्यावरून मामी त्याच्याशी भांडली. तो म्हणाला, चार माणसांच्या श्वासाचे पाणी कोठे जाणार? सकाळी झरोक्याच्या कडेला बर्फाची किनार पाहिल्यावर तिला पटले. धुराड्याविना गॅसचा हीटर लावला तर एक किलो गॅस जळून दीड किलोहून अधिक पाणी होते. ओली गादी आणि थंड माणूस, असा तो व्यवहार.

मनालीस परतल्यावर हॉटेलच्या आवारात विजेची जोडणी मिळाली, तेव्हा त्याने डिझेल बंद करून लहान विजेचा हीटर लावला. वायरीची गुंडाळी मात्र पूर्ण उलगडली. गुंडाळलेली वायर तापते, हे आम्हांस पन्नाशीनंतर कळले. घरी दोन हजार वॉटचा हीटर आपण दूरचित्रवाणीच्या सॉकेटमध्ये खोचतो, त्याविषयी अधिक न बोलणे बरे.

तथापि चाकांवरची घरे केवळ थंडीतच धोक्याची असतात असे नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. ते वातानुकूलनासाठी जनरेटर चालवीत होते. त्याचा वायू आत शिरला होता.

शेवटी एक स्थानिक विनंती. येथून परतताना आपापल्या सोसायटीच्या फाटकावरील पत्र्याच्या केबिनीत डोकावून पाहा. रात्रपाळीचा पहारेकरी बहुधा बिहार-बंगालकडचा असतो, आणि तेलाच्या डब्यात लाकडे पेटवून तो डबा आत ओढून घेतो. राजधानी क्षेत्राच्या वायुप्रदूषणविषयक टप्पेवार आराखड्यात पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत असे स्पष्ट आहे; तो नियम धुरासाठी आहे, परंतु आमचा हेतू दुसरा. आमच्या समितीत यावर तीन बैठका झाल्या. एका सद्गृहस्थांनी विजेच्या बिलाचा प्रश्न काढला. आम्ही कागदावर मांडून दाखविले: एक हजार वॉट, दहा तास, दहा युनिट. हीटर आला. पहिल्या रात्री पाहावयास गेलो तर पहारेकऱ्याने केबिनीचे दार सताड उघडे ठेवले होते. विचारले, तर म्हणाला, "साहब, आदत है. डब्बे वाली रात में सर घूमता था."